सांगलीहून मालवण, दोघांचा तंबूतला मुक्काम: तिथी बघण्यापासून तंबू वाळवण्यापर्यंत

दिवाळी उरकली की सांगली-मिरजेतली ओळखीची जोडपी विचारायला लागतात, "मालवणला तंबू टाकून राहायचंय, काय काय न्यायचं?" सामानाची यादी मी देतेच. पण परत आल्यावर ते जे सांगतात त्यात सामान कमी पडल्याची तक्रार क्वचितच असते. रात्री पाणी तंबूपर्यंत आलं, वाऱ्यानं खुंट्या उपटल्या, किल्ला तासाभरात पळत पळत बघितला, गाडी वाळूत रुतली, असंच काहीतरी असतं. या सगळ्याच्या मुळाशी चुकलेला क्रम असतो. चांदोलीकडे किंवा कासच्या बाजूला तंबूत राहिलेली माणसं डोंगरातला क्रम समुद्रावर नेतात. आधी सुट्टी, मग सामान, मग प्रवास, आणि पोचल्यावर जागा. समुद्राच्या वेळांना त्यात कुठेच जागा नसते.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचंही तेच झालं. त्यानंतर दर वेळी जो क्रम पाळतो तो इथे सविस्तर देते. मुक्काम दोन रात्रींचा धरला आहे. एका रात्रीत तंबूही नीट होत नाही आणि गावही बघून होत नाही.

## १. तारीख: शनिवार नंतर, तिथी आधी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच वगळली जाते.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. दिवसात दोन भरत्या येतात, त्यांच्यात बारा तासांहून थोडं जास्त अंतर असतं. दोन भरत्यांच्या मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी.

आता हा हिशेब मुक्कामाला लावून बघा. बहुतेक जोडपी हौसेनं पौर्णिमा निवडतात, चांदणं मिळावं म्हणून. आम्हीही तेच केलं होतं. संध्याकाळी साडेपाचला पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. समोर लांबलचक कोरडी वाळू. पाणी एवढं लांब की तंबू पुढे सरकवायचा मोह झाला, आणि आम्ही तो सरकवला. सव्वाअकराच्या सुमारास, गाढ झोपेत असताना, उधाणाचं पाणी मॅटखाली आलं. पौर्णिमा-अमावास्येला हे दर वेळी असंच होणार. संध्याकाळी किनारा सगळ्यात रुंद दिसतो आणि मध्यरात्रीच्या आधी सगळ्यात अरुंद होतो. शिवाय त्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरकही मोठा असतो. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतचे दिवस टाळा.

आमची पसंती शुद्ध अष्टमीच्या आसपासच्या दिवसांना, सप्तमी ते दशमी. याला कारणं तीन. या दिवसांत समुद्राला भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास असल्यामुळे पाणी कुठपर्यंत येतं ते उजेडात, डोळ्यांसमोर दिसतं, आणि रात्रभरात ते त्याच्या फारसं पुढे येत नाही. तिसरं म्हणजे अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. जेवणं चांदण्यात होतात, झोप अंधारात.

शनिवार-रविवारच जमत असेल तर अष्टमीला सगळ्यात जवळचा शनिवार घ्या. महिन्यात दोन अष्टम्या येतात. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो, एवढाच फरक. भरतीचा हिशेब बदलत नाही.

महिना नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. नाताळ ते नववर्षाचा आठवडा सोडून द्या. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा मालवण तालुक्यातच भरते आणि तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर जत्रा कधी आहे हे फोनवर विचारूनच निघा. जत्रेला जायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवसांत तंबूचा मुक्काम जोडू नका, कारण रस्ते आणि राहण्याच्या जागा दोन्ही भरलेल्या असतात.

तपासा: मुक्कामाच्या दोन्ही तारखांपुढे तिथी, भरतीच्या दोन वेळा आणि ओहोटीच्या दोन वेळा कागदावर लिहा. पाऊणपटीचा हिशेब अंदाज देतो, त्यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. निघण्याआधी मोबाइलवर भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक बघून तो पक्का करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कागदावर चालतात.

## २. जागा: वाळू सोडा, वाडी शोधा

उघड्या किनाऱ्यावर तंबू टाकू नका. किनारा मोकळा दिसला तरी तो मच्छीमारांच्या कामाची जागा आहे. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते, होड्या वर घेतल्या जातात, जाळी पसरली जातात. तुमचा तंबू त्या वाटेत असेल तर उठवायला येणाऱ्या माणसाचं काहीच चुकत नाही. दुसरं कारण कासवांचं. ऑलिव्ह रिडले कासवं याच महिन्यांत कोकणातल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला रात्री वर येतात. उजेड आणि वर्दळ दिसली की ती परत फिरतात.

किनाऱ्याला लागून असलेल्या माडांच्या वाडीत, मालकाच्या परवानगीनं आणि ठरलेले पैसे देऊन राहा. मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, तिच्यापुढे देवबाग. उत्तरेला तळाशील-तोंडवळीची पट्टी आहे, तिथे गर्दी कमी. पहिल्यांदाच जात असाल तर तारकर्ली घ्या. गाव जवळ पडतं आणि अडचण आली तर खोली मिळते.

फोनवर "तंबू टाकता येईल का?" एवढंच विचारून लोक निश्चिंत होतात. आम्ही हे पाच प्रश्न विचारतो:

१) जागा तुमची स्वतःची आहे का, आणि रात्री तुमच्यापैकी कुणी तिथे असतं का?
२) पावसाळ्यातल्या उधाणाचं पाणी वाडीत कुठपर्यंत येतं?
३) माडांच्या आवाक्याबाहेर मोकळी जागा आहे का?
४) न्हाणीघर आणि संडास तंबूपासून किती लांब, आतून कडी आहे का, रात्री दिवा असतो का?
५) वापरायला विहिरीचं गोडं पाणी मिळेल का?

चौथा प्रश्न बायकांनी स्वतः विचारावा. नवऱ्यानं विचारला की "सगळी सोय आहे" एवढंच उत्तर मिळतं. मी विचारलं की कडीपासून बादलीपर्यंत सगळं कळतं.

दोघांचीही ओळखपत्रं मूळ स्वरूपात ठेवा. बऱ्याच ठिकाणी दोघांची नोंद करून घेतात. एकाचं कार्ड घरी राहिलं की संध्याकाळी नको तो घोळ होतो.

सावधान: देवबागची पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी अरुंद आहे आणि तिथे किनाऱ्याची धूप होते. वाळूचा उभा कापलेला कडा किंवा उघडी पडलेली माडांची मुळं दिसली तर समुद्र तिथे आत सरकतोय असं समजा. त्या कड्याजवळ तंबू नको.

किल्ल्यावर मुक्काम करता येईल का, असंही विचारलं जातं. नाही. सिंधुदुर्ग संरक्षित स्मारक आहे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये तो आहे. शेवटच्या फेरीच्या बोटीनं परत यायचं, एवढंच.

## ३. सामान: डोंगरातल्या यादीत काय बदलायचं

बाकीची यादी नेहमीचीच राहू दे. फरक आहे तेवढाच लिहिते.

तंबू तिघांचा घ्या. 'दोन माणसांचा' म्हणून विकला जातो त्यात दोघं झोपली की पिशव्या बाहेर राहतात, आणि समुद्रावर बाहेर राहिलेली प्रत्येक वस्तू सकाळी ओली असते. दोन्ही बाजूंना जाळी हवीच. थंडी ही इथली अडचण नाही, दमटपणा आहे. जाड रजई घरी ठेवा, त्याऐवजी दोन सुती चादरी आणि एक पातळ पांघरूण न्या.

तारेसारख्या बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत. त्यांच्याऐवजी आठ कापडी पिशव्या न्या. भाजीच्या जाड पिशव्या चालतात, किंवा खताच्या रिकाम्या पोत्याचे तुकडे शिवून, स्वच्छ धुऊन घ्या. त्या कशा वापरायच्या ते सहाव्या पायरीत येईल. सोबत एक लहान खोरं किंवा रोपं लावायचं खुरपं.

शेगडीला वाऱ्यासाठी आडोसा लागतो. पत्र्याची घडी घालता येणारी पट्टी घ्या. प्यायचं पाणी वीस लिटर घरून भरून न्या. हेडटॉर्च दोन, दोघांना एकेक. एकच असला की रात्री उठणारा तो घेऊन जातो आणि दुसरा अंधारात बसतो. रोख पैसे ठेवा, किनाऱ्यावर रेंज जाते तेव्हा मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

खाण्यात सांगलीकर भडंग नेणारच, नेलंच पाहिजे. पण कागदी पिशवीत नेलेलं भडंग समुद्रावर एका संध्याकाळीत मऊ पडतं. घट्ट झाकणाच्या दोन लहान डब्यांत भरा, एक संपेपर्यंत दुसरा उघडू नका. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या सकाळपर्यंत चांगली राहते. तासगावचे बेदाणे मूठभर खिशात असू द्या, किल्ल्यावर कामी येतात.

## ४. घरी सराव, तोही संध्याकाळी

निघण्याच्या आठवडाभर आधी गच्चीवर तंबू एकदा उभा करून बघा. दोघांनी मिळून, साडेसहानंतर, टॉर्चच्या उजेडात. आमच्या पाहण्यात तंबू लावताना होणारी भांडणं कामाची वाटणी न ठरवल्यामुळे होतात. दोघंही एकाच काठीला हात लावतात आणि दोऱ्या कुणीच बघत नाही. काठ्या कुणी जोडायच्या, कोपरे कुणी धरायचे, दोऱ्या कुणी ताणायच्या हे गच्चीवरच ठरवा.

त्याच दिवशी चेनी ओढून बघा, शेगडी पेटवून बघा आणि पिशवीत वाळू भरून दोरी बांधायचा सराव करा.

तपासा: न बोलता, पंधरा मिनिटांत तंबू उभा राहतो का? राहत नसेल तर उद्या परत.

## ५. रस्ता: रात्री निघू नका

'रात्री निघू, पहाटे समुद्रावर' हा बेत सांगलीकरांनी हंगामात करूच नये. नोव्हेंबरपासून ऊस तोडणी जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, मागे दिवा नसतो, ट्रॉलीबाहेर आलेला ऊस समोरच्या उजेडात दिसत नाही. त्यानंतर झोप अनावर झालेल्या वेळी घाट येतो. पूर्ण उजाडल्यावर, सकाळी साडेसहाच्या सुमारास निघा.

अंतर साधारण दोनशे किलोमीटर, थांबे धरून सहा तास. जयसिंगपूर, हातकणंगलेवरून कोल्हापूर, तिथून गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, मग महामार्गानं कणकवली, कसाल आणि तिथून मालवण. दुसरी वाट राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाटातून कणकवलीला उतरते. घाटात दुरुस्ती चालू असली की वाहतूक बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी दोन्ही घाटांची चौकशी करा. गगनबावड्याला पोचल्यावर कळलं की मागे फिरून दुसरा घाट गाठण्यात अर्धा दिवस जातो.

टाकी कोल्हापुरात भरा. घाट कोण चालवणार हे आधी ठरवा आणि त्यानं गगनबावड्याला दहा मिनिटं पाय मोकळे करावेत. जेवण कणकवलीच्या आसपास उरका, म्हणजे वाडीवर पोचल्यावर पोट भरलेलं असतं आणि तंबू घाईनं लागत नाही.

सावधान: शेवटचे शंभर मीटर गाडी वाळूतून नेऊ नका. आमच्यासमोर तीन गाड्या रुतल्या आहेत. चाक जितकं फिरवाल तितकं खाली जातं. गाडी पक्क्या जमिनीवर ठेवा, सामान हातानं न्या.

## ६. तंबू: दीडला पोचा, सहाला लावा

पोचल्याबरोबर तंबू उभारणं ही दुसरी मोठी चूक. दुपारी दीड-दोनला पोचलात की सामान मालकाच्या पडवीत ठेवा आणि चार कामं या क्रमानं करा.

पहिलं, भरतीची रेषा शोधा. वाळूवर सुका कचरा, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक आडवी ओळ दिसते. ती अलीकडच्या भरतीची. तिच्या वर आणखी एखादी जुनी, विरळ ओळ असते. ती मागच्या उधाणाची. तंबू त्या वरच्या ओळीच्याही वर हवा. वाडीत असाल तर तो तसा असेलच, तरी खात्री करा.

दुसरं, वर बघा. माडाखाली तंबू नको. नारळ पडतोच, पण सुकलेली झावळही वजनदार असते आणि रात्रीच्या वाऱ्यात येते. खोडापासून झावळ्यांच्या टोकापर्यंत जेवढं अंतर दिसतं त्याच्याही पलीकडे दोन-तीन पावलं सरका. सुरूची झाडं जवळ असतील तर खाली साचलेल्या सुकलेल्या पात्यांवर शेगडी पेटवू नका, ती भराभर पेट घेतात.

तिसरं, खाली बघा. जांभ्या दगडांचा गडगा असतो त्याच्या कडेला जागा घेऊ नका. सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप आढळतो, आणि त्याला दगडांच्या फटी आवडतात. जागा झाडून घ्या, शिंपले आणि नारळाच्या करवंट्या उचला. खेकड्यांची बिळं दाट असतील तर दहा पावलं बाजूला व्हा.

चौथं, वारा ओळखा. दुपारी समुद्राकडून खारे वारे जोरात येतात, पहाटे जमिनीकडून मतलई वारे येतात आणि ते हलके असतात. म्हणजे तंबूची अरुंद, बुटकी बाजू समुद्राकडे आणि दार जमिनीकडे किंवा बाजूला. समुद्राकडे दार करून फोटो सुंदर येतो, पण पहिल्याच झुळकीत आत वाळू भरते. फोटोसाठी दार उघडायची हौस संध्याकाळी वारा पडल्यावर भागवा.

एवढं झालं की चहा घ्या आणि सहाच्या भरतीची वाट बघा. पाणी कुठपर्यंत आलं ते स्वतः जाऊन पाहा. मग तंबू लावा:

१) आधी ताडपत्री. ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान दुमडा. बाहेर राहिली तर दवाचं पाणी तिच्यावरून तंबूखाली जातं.
२) समुद्राकडचे दोन कोपरे आधी बांधा, मग उभं करा. उलट केलं तर तंबू पतंगासारखा उडतो.
३) कापडी पिशवी वाळूनं भरा, तोंड दोरीनं आवळा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरा आणि वरून वाळू दाबा. दोरीचा ताण पिशवीच्या लांबीला काटकोनात यायला हवा. सगळ्या पिशव्यांना तेच.
४) वरचं आवरण आतल्या कापडाला कुठेही चिकटू देऊ नका. चिकटलं तिथून पहाटे पाणी झिरपतं. ते पावसाचं नसतं, तुमच्याच श्वासाचं असतं.
५) जाळ्या उघड्या ठेवा, वरची झडपही.

तपासा: समुद्राकडच्या एका दोरीला दोघांनी मिळून जोरात हिसका द्या. पिशवी हलली तर आणखी खोल पुरा. आत्ता हलली तर उद्या दुपारी, तुम्ही किल्ल्यावर असताना, उपटणार.

## ७. रात्र

स्वयंपाक तंबूबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. वारा आहे म्हणून शेगडी आत घेऊ नका, कोळशाची तर मुळीच नको. बंद जागेतल्या धुरानं आणि विषारी वायूनं झोपेतच जीव जातो आणि त्या वायूला वास नसतो.

मासे शिजवले असतील तर काटे आणि पाणी लांब नेऊन खड्ड्यात पुरा, भांडी लगेच घासा. नाहीतर रात्रभर कुत्री तंबूभोवती फिरतात. चपला आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री उठलात तर टॉर्च पायापुढे धरून चाला. किनाऱ्यावर फिरायला गेलात तर मात्र टॉर्च बंद ठेवा, चांदणं पुरतं, आणि कासवांना त्रास होत नाही.

मालकाचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा. ११२ आणि १०८ पाठ असतातच, पण वाडीचं नाव आणि पत्ता फोनवर सांगता आला पाहिजे. तो कागदावर लिहून तंबूच्या खिशात ठेवा.

## ८. गाव: सकाळी किल्ला, दुपारी पेठ

पहिल्यांदा जाणारे दुपारी जेवून किल्ल्याला जातात. तेव्हा खारे वारे वाढलेले असतात, बोट हलते, पाणी अंगावर उडतं आणि तटावर सावली नसते. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये समुद्र शांत असतो. साडेसातला तंबू बंद करा आणि गाडी वाडीतच ठेवून रिक्षानं बंदराला जा. मालवणच्या पेठेतले रस्ते अरुंद आहेत, गाडी ठेवायला जागा शोधण्यातच सकाळ जाते.

बोटीत बसण्याआधी परतीची वेळ बोलून घ्या. बोटवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि तेवढ्यात किल्ला होत नाही. 'आम्ही पुढच्या फेरीनं येऊ, चालेल ना?' हे पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही. लाइफ जॅकेट घालून बकल लावा, नुसतं अडकवू नका. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून घट्ट पट्ट्याच्या सँडल घाला.

किल्ल्यावरचा क्रम असा ठेवा. दरवाजातून आत गेल्यावर लगेच शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात, तिथे रांग असेल तर पुढे चला, परतताना बघा. आधी तटावर चढा, ऊन वाढायच्या आत. तट सुमारे तीन किलोमीटर भरतो, वळणं घेत जातो. सगळा फिरणं जमलं नाही तरी समुद्राकडची बाजू तरी पायी करा. दरवाजा शोधताना बोटीतून तो शेवटपर्यंत का दिसला नाही ते तटावरून खाली पाहिल्यावर समजतं. मग खाली उतरून शिवराजेश्वराचं मंदिर. शेवटी दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरी. चारही बाजूंनी खारं पाणी असताना यांचं पाणी गोडं आहे. किल्ल्यात आजही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणातून जाताना विचारून जा, सरबत प्यायचं तर त्यांच्याकडेच प्या.

परत किनाऱ्याला आलात की मोरयाचा धोंडा बघायला विसरू नका. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली, ती याच खडकापाशी झाल्याचं सांगतात. बहुतेक पर्यटक तिथे फिरकत नाहीत. खडकात कोरलेला गणपती, सूर्य-चंद्र, पादुका निवांत बघता येतात. अष्टमीच्या सुमारास ओहोटी दुपारी बाराला असते, म्हणजे किल्ल्यावरून परतल्यावर वेळ बरोबर जुळते.

दुपारी जेवण आणि पेठ. खाजा, काजू, आमसुलं घ्यायची तर आत्ताच घ्या. शेवटच्या दिवशी ओला तंबू आणि खरेदी एकत्र हाताळणं होत नाही. मासे आवडत असतील तर बाजारातून घेऊन वाडीच्या काकूंना शिजवून द्यायला सांगा. त्यांचं तिरफळाचं कालवण आपल्या शेगडीवर होणार नाही.

संध्याकाळी रॉक गार्डनला सूर्यास्त बघायला सगळं गाव लोटतं. कागद काढा: आज भरती किती वाजता? अष्टमी-नवमीला नेमकी त्याच वेळी. तेव्हा वरच्या बागेतूनच बघा. खडकांवर पुढे जाऊन फोटो काढताना मागून येणारी लाट दिसत नाही.

## ९. पाण्यात उतरण्याआधी

कृष्णेत माई घाटावर पट्टीचा पोहणारा समुद्रात चुकतो, कारण नदीची ओढ एकाच दिशेनं असते आणि ती त्याला ओळखीची असते. समुद्रात लाटा किनाऱ्याकडे येतात आणि त्यांच्यामधल्या एखाद्या पट्ट्यातून पाणी आत ओढलं जातं. लाटा फुटत नाहीत असा शांत दिसणारा पट्टा सुरक्षित समजून माणसं नेमकी तिथेच उतरतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग वळा.

दोघांचा नियम: एक पाण्यात, दुसरा काठावर बघत. दोघंही कमरेपुढे एकदम नाही. ओहोटी चालू असताना देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे अजिबात नाही. नदी आणि ओहोटी दोन्ही एकाच दिशेनं ओढतात.

उथळ पाण्यात पाय घासत चाला. वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला मासा) त्यामुळे निघून जातं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा. स्कूबा करायचं तर सकाळी, पोट हलकं ठेवून. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नका, कायद्यानं तो गुन्हा आहे आणि तो तुकडा जिवंत असतो.

## १०. आवरणं आणि घरी आल्यावर

शेवटच्या सकाळी उठल्या उठल्या तंबू गुंडाळू नका, तो दवानं चिंब असतो. वरचं आवरण काढून दोरीवर टाका, तोपर्यंत चहा-नाश्ता. नऊपर्यंत वाळतं. पिशव्यांमधली वाळू तिथेच रिकामी करा, खड्डे बुजवा. कचरा सोबत न्या, वाडीतल्या खड्ड्यात टाकू नका. दहाला निघालात तर दिवेलागणीच्या आत, उसाच्या ट्रॅक्टरांची गर्दी वाढण्याआधी, सांगलीत पोचता.

घरी आलात की दमणूक असली तरी त्याच आठवड्यात चार गोष्टी करा. तंबू, दोऱ्या आणि कापडी पिशव्या गोड्या पाण्यात बुडवून काढा. चेनींच्या दातांमधली वाळू जुन्या दातघासणीनं झाडा. पहिल्या वर्षी आम्ही हे केलं नाही आणि पुढच्या डिसेंबरात दाराची चेन हिरवी होऊन जाम झालेली निघाली. गाडी खालून पाण्यानं धुऊन घ्या. तंबू सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या, मग सैल घडी घालून ठेवा. भरतीच्या वेळांचा कागदही तंबूसोबतच ठेवा, आणि पाणी प्रत्यक्षात किती वाजता, कुठपर्यंत आलं ते त्यावर लिहून ठेवा.